रांगेतला लाल वाडगा

रविवार, ४ फेब्रुवारी

उम्म हशीम गावी सुखरूप पोचलो. मालट्रकच्या टपावर बसून आलो, तरी माझी लेक नवाल वाटभर गात होती. शाळेमागे खोली मिळाली. दाराला कडी आहे, समोर कडुनिंब. लढाईमुळे ओमदुर्मान शहर सोडल्यापासून आज पहिल्यांदा दार लावून झोपायला मिळेल.

शाळेत गावाचा सामाईक स्वयंपाक चालतो. तो हाज्जा बुसैना सांभाळते. तिने सित्तना हे माझं नाव विचारून घेतलं, माझे तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, शहरातल्या बायकांचे हात चहा ढवळण्यापुरतेच, ज्वारीच्या पिठाची असीदा घोटताना रडशील. मी म्हटलं, रडले तर मीठ वाचेल. ती हसली आणि लाकडी घोटणं माझ्या हातात दिलं. कामाच्या बदल्यात आम्हा मायलेकींना जेवण.

हे भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पुड्या विकायचे. त्या रद्दीवरच मी अक्षरं शिकले. औषधांची गाडी नाक्यावर अडकली आणि औषधाविना हे गेले. रोज चार ओळी लिहिल्या की वाटतं, त्यांना दिवस सांगितला.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

इथली रीत मला आवडली. पहाटे लोक आपापलं भांडं रांगेत ठेवून सावलीत जाऊन बसतात. माणसाच्या जागी भांडं उभं. दुसऱ्याच्या भांड्याला कुणी हात लावत नाही आणि रांगेतलं भांडं रिकामं परत जात नाही. इद्रीस शिंपी रांग राखतो. पोचे आणि डाग पाहून भांडं कुणाचं ते सांगतो. माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघून म्हणाला, खाला, हे तुमच्याआधी लढाईवर जाऊन आलंय का?

पहिला नेहमी लाल इनॅमलचा वाडगा. कड उडालेला. तो तैसीर सुईणीचा. रात्रभर बाळंतपणं करून ती सरळ इथे येते.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

काल दुपारी पूर्वेच्या वस्तीवर तोफगोळा पडला. तैसीर गेली. घरासकट.

आज पहाटे लाल वाडगा रांगेत पहिला होता. इद्रीस म्हणाला, शेजारणीने उचलून आणला असेल, वस्तू वाया का घालवायची. मी तो भरला. सगळ्यांचं वाढून झालं तेव्हा तो तिथेच होता. रिकामा, पुसल्यासारखा कोरडा. कुणी नेताना पाहिलं नाही, आणताना पाहिलं नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

धान्याची गाडी पुलाशी उभी आहे. अलीकडचे बंदूकवाले म्हणतात पलीकडच्यांची परवानगी आणा, पलीकडचे म्हणतात यांची आणा. हाज्जा फोनवर एकाच माणसाला दिवसभर काका, भाऊ, बाळा म्हणत होती. काही झालं नाही. कढई आज अर्धीच चढवली.

आणि रांग वाढते आहे. पुढच्या बाजूने. इद्रीस आता चेष्टा करत नाही. भांड्यांवरून नुसती नजर फिरवतो आणि हळूच नावं घेतो. सगळी पुरलेल्या माणसांची.

आम्ही ती भरली. रांगेत आहेत, काय करणार? मागच्या जिवंत बायका कढईचा तळ बघून परत गेल्या. एकीने विचारलं, आमची पोरं मेल्यावर पुढचा नंबर मिळेल का.

नवाल आज गायली नाही. कढईची खरवड मी तिलाच दिली.

बुधवार, १४ फेब्रुवारी

काल हाज्जाने मन घट्ट केलं. ती भांडी गोळा करून इद्रीसने कब्रस्तानात पुरली. माती टाकताना सगळ्यांची माफी मागितली.

आज ती भांडी पुन्हा रांगेत होती. बुडांना ओली माती. इथे महिनोन्‌महिने पाऊस नाही.

लाल वाडग्यामागे इद्रीसचा डबा होता. मला वाटलं लवकर आला. तो आलाच नाही. शिवणयंत्रावर डोकं टेकलेला सापडला. काल त्याने स्वतःचा वाटा मागच्या बाईला दिला होता, म्हणे.

शुक्रवार

गाडी पुलावरच. नवालला ताप. पाणी पोटात ठरत नाही. मी सांगितलं, दोन दिवस थांब, गाडी आली की साखर घालून पेज करते. तिने विचारलं, तैसीर खाला जेवली का. तैसीरचं नाव मी तिच्यापुढे कधी—

तिची जस्ताची वाटी मी पदरात बांधून ठेवली आहे. आमचं भांडं रांगेत नसतं. स्वयंपाकिणीचं नसतंच. बांधून ठेवली आहे.

शनिवार

पदराची गाठ तशीच. आत काही नाही.

वाटी रांगेत आहे. लाल वाडग्याच्या शेजारी. बुडाला माती.

धावत घरी आले. नवाल आहे. श्वास आहे. मांडीवर घेतली आहे, एका हाताने लिहिते. पिठाचा शेवटचा घाणा चढलाय. हाज्जा दारात उभी आहे. विचारते, सित्तना, तुझ्या पोरीची वाटी भरू का गं. भर म्हणाले तर मीच तिला त्या रांगेत—नको म्हणाले तर तिथे मेलेल्यांत ती उपाशी, आणि तेही माझ्याच हातून—

पुलाकडून गाडीचा आवाज येतोय. खरंच येतोय. नवाल, ऐक, गाडी—

हाज्जा पुन्हा विचारते आहे. नवालची बोटं गार, श्वास—नवाल, आता साखर घालून—

हाज्जा, भर. काठोकाठ भ