मागच्या हँडलवरची घंटी

प्रिय ठमे,

मी फोनवर तो विषय काढला की लगेच तुझ्या दारात कुणीतरी येतं, नाहीतर गॅसवरचं दूध तरी उतू जातं. इतकं दूध तू एकटी पितेस तरी कधी? म्हणून आज फोन नाही, पत्र. घाबरू नकोस, आधी सायकलीचंच सांगणार आहे, आणि तुझ्या बाबांचं. ते वाचायला तुला आवडेल. पुढचं पुढे बघू.

तू तो सायकलदुरुस्तीचा स्टँड पाठवलास, तेव्हा बाबांची पाठ धरते एवढंच आपल्याला माहीत होतं. सायकल उलटी करून, तिच्यापुढे उकिडवे बसून ते तास न् तास खुडबुड करायचे आणि मग भिंतीला धरून उठायचे. स्टँडचं खोकं उघडलं तेव्हा म्हणाले, “ही असली थेरं मला कशाला?” तीन पाय, मधे उभा दांडा, वरच्या टोकाला रबर लावलेला, मूठ फिरवून आवळायचा जबडा. काही दिवस मी त्यावर त्यांच्याच पँटी वाळत घातल्या, खोटं कशाला सांगू. एके दिवशी माझं लक्ष नाही असं बघून त्यांनी सीटखालचा दांडा त्या जबड्यात धरला, मूठ आवळली, आणि सायकल छातीच्या उंचीवर अधांतरी उभी राहिली. ताठ उभं राहून, चहा पीत पीत चेन धुता येते हे कळल्यावर पँटींची हकालपट्टी झाली. तेव्हापासून मागची खोली माझी राहिलेली नाही.

मग डोळ्यांचं कळलं. ते कसं कळलं हे तुला त्यांनी कधी नीट सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. बस चालवताना चौकात बाजूने आलेला स्कूटरवाला त्यांना दिसलाच नाही. ब्रेक वेळेवर लागला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, कुणी तक्रारही केली नाही. पण बस डेपोत लावल्यावर ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, “आधी माझे डोळे तपासा, मग ही परत द्या.” किल्ली परत मिळाली नाही. काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. कडेकडेचं सगळं गेलंय, मधलं फुलपात्राच्या तोंडाएवढं उरलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. जन्मभर ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्या माणसाने ते स्वतःहून सोडलं, ठमे. मला त्या दिवशी रडू आलं ते डोळ्यांसाठी नव्हे, ह्याच्यासाठी आलं.

तू तिकडून उंटावरून शेळ्या हाकत होतीस. हत्यारं लपव, स्टँड कुणाला तरी देऊन टाक, बोट कापून घेतील! तुझं ऐकून मी पेटी माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती खाली. माळ्यावर कोण चढलं हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मग मीच शहाणी झाले. खाली पडलेला स्क्रू शोधताना त्यांची चिडचिड व्हायची, म्हणून जाड कापडाची एक झोळी शिवली आणि ती स्टँडच्या दांड्याला सायकलीखाली बांधली. आता काहीही सुटो, झोळीत पडतं.

आणि काम करताना त्यांना बघावं तर काय सांगू तुला. चाकाला आउट आला, म्हणजे चाक फिरताना इकडेतिकडे डुलायला लागलं, की ते ब्रेकच्या रबरावर अंगठा टेकवतात, नख रिमच्या अगदी जवळ नेतात आणि दुसऱ्या हाताने चाक हळूच फिरवतात. नखाला जिथे रिम लागली तिथली पलीकडच्या बाजूची तार आवळायची, पुन्हा फिरवायचं. डोळे तेव्हा चक्क मिटलेले असतात. मी उभा जन्म शिवणकामात घालवला, माझी सरळ शिवण नावाजलेली. पण इतकं नेमकं काम मला डोळे उघडे ठेवूनही जमलं नसतं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आधीच शेफारलेत.

तळ्याकाठी सायकली भाड्याने देणारा टोपीवाला आठवतो? त्याने दुकान बंद केलं आणि जाता जाता दोन सीटांची एक जुनी सायकल बाबांना देऊन टाकली. पुढे एकाने बसायचं, मागे एकाने. ती स्टँडवर धरली की पुढून मान टाकते, म्हणून पुढचं टोक मी पट्ट्याने खिडकीच्या गजाला बांधलं. गंज उतरला, चेन बसली, आणि मग खरा प्रश्न आला. पुढे कोण बसणार? मी म्हटलं, “मी. लग्नाआधी शाळेत सायकलनेच जायचे.” ते हसले. मग मागच्या सीटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मला कळलं, अडचण माझ्या पुढे बसण्याची नव्हती, त्यांच्या मागे बसण्याची होती. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले तरी पायाने नसलेला ब्रेक दाबत राहणारा हा माणूस! सायकल तशीच लटकत राहिली आणि तिच्याकडे बघून ते रोज थोडे थोडे म्हातारे व्हायला लागले.

त्यात मी घोळ घातला. एकदा सायकल पुसताना पुढचा ब्रेक किंचाळला. मशीनवाल्या बाईला नियम एकच माहीत असतो, कुरकुरलं की तेल. शिलाई मशीनची कुपी आणली आणि ब्रेकच्या रबरांवर, रिमवर, सगळीकडे मायेने तेल सोडलं. आवाज बंद. मी खूश! संध्याकाळी बाबांनी चाक जोरात फिरवून ब्रेक दाबला, आणि चाक आपलं फिरतच राहिलं. त्यांनी रिमला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे वळले. मला बेकरीपर्यंतचा आपला तो उतार दिसला, आम्ही दोघं त्यावरून सुसाट खाली जाताना दिसलो. मी म्हटलं, “तुम्ही हसलात तेच बरोबर. मला नाही जमायचं. देऊन टाका ती कुणाला.”

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण बाबा म्हणाले, “डेपोत नवा ड्रायव्हर आला की मी त्याला आधी ब्रेक न लागणारी गाडी आवारात चालवायला द्यायचो. ज्याला एकदा भीती कळली तोच नीट चालवतो. तुला आता कळली.” आणि मला कामाला लावलं. रबरं काढ, फेक, नवी बसव. रिम साबणाने धू, पूस, पुन्हा धू. ब्रेकची तार किती ओढायची, रबर रिमपासून किती लांब ठेवायचं, सगळं माझ्या हातून करून घेतलं, आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहिले. स्क्रू तीनदा झोळीत पडला तरी हात पुढे केला नाही. त्या माणसाला हात बांधून उभं राहणं किती जड जातं, हे तुला-मलाच ठाऊक. शेवटी मी ब्रेक दाबला आणि चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, मी पुन्हा थांबवलं. असं आम्ही लहान मुलांसारखं किती वेळ केलं कोण जाणे. मग त्यांनी पुढच्या हँडलवरची घंटी सोडवली आणि चाचपत चाचपत मागच्या हँडलवर बसवली. म्हणाले, “ड्रायव्हर तू, कंडक्टर मी.”

रविवारी सकाळी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना निघालो. मागून दोन घंट्या वाजल्या, टण टण, म्हणजे सोडा गाडी. आयुष्यभर ज्या खुणेवर त्यांनी गाडी सोडली, ती खूण आता ते मला देत होते. उतारावर मी ब्रेक दाबला आणि तो लागला. मागे तुझे बाबा कुठलंसं जुनं गाणं बेसूर म्हणत होते. बेकरीपाशी एक घंटी वाजली, थांबा. पाव घेतला, परत आलो. त्यांच्या पायांत अजून इतका जोर आहे की येताना चढावर मी नुसतीच बसले होते. तुझ्या बाबांचा मला खूप अभिमान वाटतो, ठमे. हे लिहून ठेवते, पुन्हा म्हणणार नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. डॉक्टर तेव्हा आणखी एक गोष्ट बोलले होते. हा आजार घराण्यात उतरतो, मुलांचे डोळे तपासून घ्या, लवकर सापडला तर थेंबांवर निभावतं. तू आधी नव्या नोकरीचं निमित्त काढलंस, मग घर बदलण्याचं, आता दुधाचं. तुला भीती वाटते, ठाऊक आहे मला. मी तुझी आई आहे. बाबा रोज डोळ्यांत थेंब घालताना विचारतात, “गेली का ती तपासायला?” मी नाही म्हणते. मग म्हणतात, “माझ्याकडून तिच्यात गेलं असेल तर…” आणि थेंबांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत बसतात. काही नसेल तर त्या माणसाच्या छातीवरचा दगड उतरव. काही असेल तर तुझ्याकडे वेळ आहे, जो त्यांना मिळाला नाही. मी येते तुझ्यासोबत, नुसतं कळव. पत्र संपवताना बाबांना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? हात पुसत म्हणाले, “जास्त काही नको. दोन घंट्या लिही, तिला कळेल.”

टण टण.

तुझीच,
पुढच्या सीटवर बसायला लागलेली
आई