धाब्यावरची माती

प्रिय अर्पिता,

तू सून होऊन आलीस, या सात वर्षांत तुला मी कधी पत्र लिहिलं नाही, कामही पडलं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि सांगायचं ते राहून जातं, हे तुला माहीत आहे. सुरभीचा खोकला कमी झाला असेल. माहेरी नेरलाच तिला शाळेत घातलंस असं कळलं, बरं केलंस. इकडे अमर आणि मी, आम्ही बापलेक, शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये राहतो. सरकी लावून झाली, तुरीचं बाकी आहे. स्वयंपाक अमर करतो. पोळ्या चामड्यासारख्या होतात, पण मी नावं ठेवत नाही. नावं ठेवायची माझी खोड तुझ्या सासूबरोबर गेली.

परवा तहसीलचे लोक पुन्हा घर बघायला आले होते. साहेब म्हणाले, भूकंपाचा धक्का तसा किरकोळ होता. केंद्र तिकडे हिंगोलीकडे. आपल्या भागात भिंतींना तडे गेले, दोन-चार गोठे बसले आणि माणूस एकच गेलं. मग त्यांनी धाब्याच्या, म्हणजे पडलेल्या मातीच्या छताच्या कडेला टेप लावून मातीची जाडी मोजली. अडीच फूट भरली. त्यांचा विश्वास बसेना, पुन्हा मोजली. शेजारी भावसिंग उभा होता. तो म्हणाला, "रामरावभाऊ, तुमचं धाबं गावात सगळ्यात पक्कं होतं ना जी." बिचाऱ्याच्या मनात टोमणा नव्हता. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पक्कं होतंच. आखाजीचा सण झाला की नाल्याकाठची खारी माती आणायची, धाब्यावर पसरायची, चोपायची, आणि पावसाळाभर घरात थेंब येऊ द्यायचा नाही. बापानं तेच केलं, मीही तेच केलं. जुनी माती कोणी काढत नाही, तिच्यावरच नवी पडते. दुसऱ्याचं घर गळालं की मी मिशीला पीळ देत जाऊन बघून यायचो. पौषात पहिला धक्का बसला, मांडणीवरची भांडी खाली आली, मधल्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली, तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं, की आता इथून पाणी मुरणार, यंदा माती जास्त लागणार. तू म्हणालीस, माती उतरवा, टिनं टाका. मी हसलो. चार बुकं शिकलेली सून सासऱ्याला घर बांधायला शिकवते, असं पारावर सांगून चार लोकांनाही हसवलं.

आणि हा शहाणा कोण, तर किल्लारीला जाऊन आलेला. त्र्याण्णव साली आम्ही गावातून ज्वारी आणि घोंगड्या घेऊन ट्रकनं गेलो होतो. छतांची माती माणसांवर कशी बसते ते मी या डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन काय सांगितलं? तिथली जमीनच वाईट, आपल्याकडे नुसती थरथर होते. तीस वर्षं तेच सांगत आलो.

होळीनंतर तू म्हणालीस, माती उतरल्याशिवाय सुरभीला या छताखाली झोपवणार नाही. मी म्हणालो, "जायचं तर जाय, तुले कोण अडवून राह्यलं?" तू पोरीला घेऊन एसटीत बसलीस. त्यानंतर दोन महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, तुझी सासू विजयमाला माजघरात तुरीची डाळ पाखडत होती आणि मी बाहेर निंबाखाली बसलो होतो. पुढचं तुला ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी बायका बोलल्या ते तुझ्याही कानावर गेलं असेल. सून घरात असती तर म्हातारीचा हात धरून बाहेर ओढली असती, सुनेनं सासूला एकटं टाकलं. अमरनं ते ऐकलं आणि धरून बसला. म्हणून तो नेरला येत नाही, तुझा फोन उचलत नाही. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो होतो, सगळं ऐकत होतो. दुःखात असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, आणि मला ते सोयीचं पडलं.

आता जे कोणालाच माहीत नाही ते लिहितो. तू गेल्यावर तुझी सासू गप्प बसली नव्हती. मी दुपारी शेतात गेलो की ती शिडी लावून धाब्यावर चढायची, फावड्यानं माती खरडायची आणि घमेल्यानं मागच्या बाजूला टाकायची. साठीच्या वर वय, गुडघे दुखरे, पण आठ-दहा दिवस ती हे करत राहिली. निम्मं धाबं तिनं हलकं केलं होतं. मागचा ढीग दिसला तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, "पोरगी खरं बोलून गेली जी. माती उतरली की मी तिले घेऊन येतो." मला वाटलं, घरातल्या बायकांनी मिळून माझं नाक कापलं. दुसऱ्या दिवशी दोन मजूर लावून मी ती सगळी माती परत वर चढवली, आणि वर नाल्याची आणखी एक ट्रॉली टाकली. गरज नव्हती. तिला दाखवायला टाकली. ती ओट्यावर बसून बघत होती. माती चढवल्यापासून अकराव्या दिवशी ते छत तिच्यावर आलं.

काल रात्री जेवताना अमरला हे सांगायचं म्हणून बसलो आणि खताचं बोलून उठलो. पोराच्या डोळ्यांकडे बघून माझ्याच्यानं होत नाही. म्हणून लिहिलं. हे पत्र त्याच्या हाती पोचेल असं कर, तुझ्या वडिलांना घेऊन ये किंवा कोणाबरोबर पाठव. तो माझं तोंड बघणार नाही, न बघो. तुझी सासू तू गेलीस म्हणून मेली नाही, अर्पिता. ती तुला परत आणायला निघाली होती, आणि मी तिच्या डोक्यावर माती टाकली.

तुझाच अपराधी,
रामराव