फुगवलेला गाल

आबा, तुमची तुरटी संपत आली. तुमच्या माघारी अमळनेरचं दुकान उठलं तेव्हा तेवढा एक खडा मी आठवण म्हणून जळगावला आणला होता. आता रोज सकाळी तो यांच्या गालावरच्या रक्ताला लावते. चौदा महिन्यांपूर्वी यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. तुमचे जावई एसटीत कंडक्टर होते, दाढी केल्याशिवाय कधी ड्यूटीवर गेले नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. आता वाकडं झालेलं तोंड सलूनमधल्या कारागिराला दाखवायची यांची तयारी नाही. म्हणून मीच करते. आणि मला नाही जमत आबा, नाही जमत! उजवा गाल ओल्या फडक्यासारखा लोंबतो, पातं त्यात रुततं. नाभिकाची लेक, आणि हातात पातं धरता येऊ नये?

धरू दिलंत कुठे? एकदा वस्तरा उचलला तर हातावर फटका मारून म्हणालात, "ठेव तो. हाई पोरीसनं काम नही." मग मी दुकानाच्या उंबऱ्यात बसून नुसती बघायची. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, मग फेस, तो मुरेपर्यंत तुमचं थांबणं. डाव्या हाताच्या बोटांनी तुम्ही कातडी ताणता, केसांच्या कलानं वस्तरा फिरवता. "वस्तराले जोर नही, धीर लागस," म्हणता, आणि स्वतःचाच गाल फुगवता. आम्ही भावंडं खिदळतो. "हसू नका रे. मी फुगाडा की समोरला बी फुगाडस, सांगानं काम पडत नही."

काल ते आठवलं. यांच्यासमोर बसून मी गाल फुगवला. हे बघत राहिले, आणि खरंच, यांनीही फुगवला. डावा, जमेल तसा. लुळ्या बाजूनं हवा निसटली, थुंकी माझ्या तोंडावर उडाली, आणि पातं लागलं. खोल लागलं. आज सकाळी गरम पाणी घेऊन गेले तर यांनी चांगल्या हातानं गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. पाणी गार होईपर्यंत मी तिथंच बसले. इथं यांना माझ्याशिवाय कोणी नाही हो. आता हे मला जवळच येऊ देणार नसतील तर मी काय करू, सांगा ना!

मुलाला फोनवर सांगितलं, हात घसरला. तुम्हाला तरी खोटं कसं सांगू, जखम बघून हात ओळखणारे तुम्ही. हात घसरला नव्हता, आबा. थुंकी उडाली आणि चौदा महिन्यांचा संताप हातात उतरला. आणि तेव्हा यांनी माझ्यासाठी गाल पुन्हा फुगवून धरला होता.