गोधडी वाळेपर्यंत

७ एप्रिल, सोमवार — हैदराबाद

गिरणी परत बंद! भर बारा वाजता, डोक्यावर रणरणतं ऊन असताना! दारात नल्लकुंट्याच्या दोन बायका ज्वारीचे डबे घेऊन उभ्या. हे गेल्यापासून घर ह्या गिरणीवर चालतं. गच्चीवर ह्यांच्या हातचे चार जुने सोलर पॅनेल, शेजारी मी दोन नवे बसवून घेतले, मोठे — आणि वीज होती तेवढीच! नईम इलेक्ट्रिशियनला फोन केला. शुक्रवारी येतो म्हणाला.

९ एप्रिल, बुधवार — उदगीर

भाच्याचं जावळ. ताई सगळ्यांदेखत हसली मला. "परवा" म्हणून एक गोष्ट सांगितली, ती निघाली तीन वर्षांपूर्वीची! "हैदराबादेनं मराठी खाल्ली गं तुझी." तिथे सगळं झालंगेलं परसोंच असतं, काय करू! पण लागलं मनाला. आता परवा म्हणजे परवाच.

११ एप्रिल, शुक्रवार

नईम आला. म्हणाला, जुने-नवे एका ओळीत जोडले की नवेही जुन्यांच्याच चालीनं चालतात. नव्यांची ओळ वेगळी करायची, सामान आणतो.

आणि मग — तळपायाची आग मस्तकात! चौथा जुना पॅनेल ओळीतच नाही! त्याची वायर वरच्या मजल्यावर नेलीय! "परसों भैया इच बोले ना, इसको ऊपर को जोड़ देव बोलके." एवढं बोलून नमाजाला गेला.

परवा मी उदगीरला होते. घरात पुरुष एकच — वरच्या मजल्यावरचे मोठे भाऊजी, हिम्मतराव. माझी पाठ वळायचीच वाट बघत होते भाऊजी! ह्यांच्या तेराव्याला पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "गच्ची सगळ्यांची आहे, माधवी." त्या दिवसापासून वर्ष झालं, त्यांच्या दारावरून गच्चीवर जाते पण मान वळवत नाही. सासूबाई आत असतात, तरी नाही.

सोडणार नाही!

१२ एप्रिल, शनिवार

वायर तोडणारच होते. पण मग गल्लीभर बोंब — बाईनं तोडफोड केली! नईमच मागे म्हणाला होता, सावली पडली की पॅनेल झोपतो. मग झोपव की! पेटीतली सगळ्यात जाड गोधडी काढली, बादलीत बुचकळली, त्या पॅनेलवर पसरली. चार कोपऱ्यांवर चार विटा. कोणी विचारलंच तर — वाळत घातलीय!

१४ एप्रिल, सोमवार

गोधडी तासाभरातच कडक झाली होती. असू दे तिथेच. वरून आवाज नाही. ओरडा की! भांडायला या की खाली!

१७ एप्रिल, गुरुवार

जिन्यात भाऊजी. सदरा घामानं ओलाचिंब. "माधवी, ती गोधडी जरा —"

"गच्ची सगळ्यांची आहे ना, भाऊजी?"

तोंड बघण्यासारखं झालं! चांगली जिरवली. वर्षभरात जेवण इतकं गोड लागलं नव्हतं.

१९ एप्रिल, शनिवार

बेचाळीस अंश. आमच्या अख्ख्या अंबरपेठेची लाइट दोन तास गेली. माझी गिरणी रडतखडत का होईना, चालू! दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं, आवाज वर जावा म्हणून. वर सामसूम.

२० एप्रिल, रविवार

नईम सामान घेऊन आला. गोधडी बघून हातातला पाना तसाच राहिला. "अरे भाभी! अम्मा का पंखा बंद कर दिए क्या?"

कसला पंखा?

सासूबाईंच्या खोलीत छोटी बॅटरी आहे म्हणे. लाइट गेली तरी त्यांचा पंखा थांबू नये म्हणून. त्या पॅनेलवर तेवढा पंखाच चालतो, आणि पंखा त्या पॅनेलवरच.

"पण भाऊजींनी परवा —"

"बडे साब कायको बोलते? भैया बोले. अपने युवराज भैया. परसों — दवाखाने में भरती होने से पैले."

परसों. म्हणजे ह्यांनी, वर्षापूर्वी! बारा वर्षं ह्या गावात काढली मी! आणि नईम भाऊजींना कधी भैया म्हणालाय? वायरवरची टेप उन्हानं भुगा झालेली. परवाची टेप अशी असते का? गच्चीवर रोज जात होते, गोधडी सरकली का ते बघायला. टेप नाही दिसली.

विटा काढल्या. गोधडी गुंडाळली. नऊ दिवस.

२० एप्रिल, संध्याकाळ

वर गेले. सासूबाई पलंगावर, मांडीवर वारा घ्यायचा पुठ्ठा, गळाभर घामोळं. पंखा फिरत होता. जाऊबाई म्हणाल्या, "ह्यांनी रोज विचारलं, काढू का गोधडी? आईंचं एकच — राहू दे, माझ्या सुनेची आहे, वाळली की नेईल ती."

सासूबाईंनी माझा हात धरला. "वाळली का गं?"