संत्र्याभोवतीची भिंत

पप्पा, धंतोलीच्या दवाखान्यात तुम्ही मला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर लिहायला बसली आहे. तुम्हाला सलाईन लावलेलं होतं, तुम्ही छताकडे पाहत होते आणि एकदम म्हणाले, "बाई, आपुन खरंच तिकडचे असू का वं?" जन्मभर शेजाऱ्यांना, रेल्वेच्या लोको शेडमधल्या मित्रांना, पाव घेऊन येणाऱ्या माणसालासुद्धा छातीठोक सांगत आलेले तुम्ही, की आपले पूर्वज पोर्तुगालच्या एका बेटावरचे, चारी बाजूंनी समुद्र. आणि जायच्या वेळी तुम्हालाच शंका! मी "असू ना" म्हणाली आणि तुमची चादर नीट केली. मला काय कपाळ माहीत होतं? बेटाचं नाव तेवढं तुम्ही सांगायचे, पुढचं काही तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

आपल्या हुडकेश्वरच्या घरी तुम्ही भिंत बांधली ते दिवस मला लख्ख आठवतात. तेव्हा नागपूरच्या त्या टोकाला सारी शेतंच होती. सुट्टीचा दिवस आहे, तुम्ही लुंगी खोचून काळे दगड रचून राहिले आहात, ना चुना, ना सिमेंट, नुसता दगडावर दगड. आत संत्र्याची चार-पाच रोपटी आणि चहूबाजूंनी माणसाच्या डोक्यावर जाईल अशी भिंत. शेजारचे काका, ज्यांची काटोलकडे संत्र्याची बाग होती, ते कमरेवर हात ठेवून उभे. "काहून गा, संत्र्याले जेलात टाकून राहिला का?" तुम्ही म्हणाले, वारा लागू नये म्हणून. काकांनी विचारलं, कोणता वारा? झाडाला तर मोकळी हवा पाहिजे, ऊन पाहिजे. आमच्यात असंच लावतात, माझा बाप असंच लावायचा, एवढंच तुम्ही म्हणाले आणि पुढचा दगड उचलला. काकांचं खरं झालं. फळं आली ती लिंबाएवढी आणि आंबटढाण. आई त्यांचं लोणचं घालायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. सगळ्या लेआउटच्या वस्तीत आपलं नावच बेटवाले पडलं. झाडं केव्हाच वाळून गेली, भिंतीच्या आत आता दादा स्कूटर लावतो.

तुमची नात त्या देशात नोकरीला लागली आणि माझ्या मागेच लागली, आई, चल, एकदा जाऊन येऊ. गेलो. विमानाच्या खिडकीतून ते बेट दिसलं तेव्हा मी नाकच काचेला लावलं. एवढ्या पाण्यात एवढीशी हिरवी जागा, आणि तिथून कोणीतरी उठून नागपूरपर्यंत आलं? चर्चमधल्या पाद्रीबुवांना आपलं आडनाव सांगितलं. माणूस भला होता, पण हसला. म्हणाला, हे आडनाव इथं दर दुसऱ्या घरी आहे, आणि आमचे लोक जिथं जिथं गेले तिथं बाप्तिस्मा देताना त्यांनी ते वाटलं आहे, यावरून काही ठरत नाही. माझं तोंडच उतरलं. म्हटलं झालं, एवढा खर्च करून हेच ऐकायला आली.

दुसऱ्या दिवशी नात मला उगीच फिरवायला घेऊन गेली. चढावर एका घरामागे वळलो आणि मी थांबलीच. पप्पा, तुमची भिंत. काळा दगड, दगडावर दगड, मध्ये काही नाही, डोक्याच्या वर गेलेली, आणि आत संत्र्याची झाडं! घरची म्हातारी बाहेर आली. ती बोलत होती आणि नात मला मराठीत सांगत होती. समुद्रावरून खारा वारा येतो, मोहर जाळून टाकतो, म्हणून इथं संत्रं असंच लावतात. कधीकाळी सारं बेट संत्र्यावर जगायचं, जहाजं भरभरून जायची. मग झाडांना रोग पडला आणि लोक पोट घेऊन मिळेल त्या दिशेला गेले. मी भिंतीला हात लावून उभी राहिली आणि मला रडूच फुटलं. समुद्र आपल्यापासून कुठच्या कुठं, आणि जो वारा तुम्ही कधी पाहिला नाही, तुमच्या बापानंही पाहिला नसेल, त्याच्यापासून तुम्ही नागपुरात झाडं जपत बसले. पाद्रीबुवा काही म्हणोत. असू का काय विचारता, आहोतच आपण तिकडचे. मी काकांच्या घरीही जाऊन सांगून आली. ते आता थकले आहेत, सारं ऐकून म्हणाले, "मले वाटे, तो असाच फेकून राहिला."

हे पत्र कुठं टाकायचं, कुठंच नाही. पण जे नातीला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. निघताना त्या म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, घरी आल्यासारखं वाटतं ना? मी मान हलवून हो म्हटलं. बिचारी किती खूश झाली. पण पप्पा, तो वारा हाडात शिरत होता, मी दोन शाली पांघरून काकडत होती, आणि मला केव्हा एकदा हुडकेश्वरला परत जाते असं झालं होतं.