तीन अर्थांचा शब्द

प्रिय ठमे,

तुझं पत्र पोचलं. बाबा गेल्याचं तुला परीक्षेनंतर कळलं, म्हणून तू वर्षभर धरलेला अबोला आता सोडलास. “आई, चूक तुझी नव्हती, इंग्रजीची होती,” असं लिहिलंस. आनंद व्हायला हवा होता. मी पत्राची घडी घालून मशीनच्या खणात ठेवली आणि पडद्याची राहिलेली शिवण पुरी केली. हल्ली माझं असंच होतं, हसू नाही की रडू नाही.

मावशीने तुला हॉस्पिटलातलं जे सांगितलं ते खरंच आहे. तू इंग्रजी क्रियापदं घोकायचीस आणि मी शिवता शिवता उजळणी घ्यायचे. 'कम थ्रू'चे अर्थ तीन: आतून बाहेर येणे, निरोप पोचणे, संकटातून निभावणे. एका शब्दाला तीन-तीन कामं, अगदी तुझ्या आईसारखा राबतोय, असं बाबा म्हणाले होते. ऑपरेशनच्या खोलीतून नर्स आली ती इंग्रजीत भराभर बोलली. 'ही डिडन्ट कम थ्रू' एवढंच माझ्या पदरात पडलं. मी पहिला अर्थ घेतला. बाहेर आले नाहीत, म्हणजे येतील. मी हसून 'थँक्यू' म्हणाले आणि त्यांचा स्वेटर मांडीवर घेऊन तासभर दाराकडे बघत बसले. नातेवाइकांत त्या 'थँक्यू'ची गोष्ट झाली. बिचारीला कळलंच नाही, म्हणतात. मीही म्हणू दिलं.

पण ठमे, तासाभराने त्याच नर्सने एका पिशवीत बाबांचा चष्मा, घड्याळ आणि बूट आणून दिले, माझा हात हातात घेतला. त्याला इंग्रजी लागत नाही. मला कळलं. काहीच वाटलं नाही; बुटाची एक लेस सुटली होती, ती मी बांधली.

तुझा फोन त्यानंतर आला. परीक्षा केंद्राच्या दारातून तू विचारलंस, निघू का? वीस मिनिटांत पोचली असतीस, त्यांचा हात ऊबदार असताना. मी म्हणाले, अजून बाहेर आले नाहीत, तू पेपर दे. तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर ते गेले हे तोंडाने उच्चारायची हिंमत नव्हती, आणि 'बाहेर आले नाहीत' हे वाक्य आयतं हाताशी होतं. तू माफ केलंस ते एका अडाणी बाईला. ती मी नव्हे. आता बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तरीही तुझीच,
आई