शेवटच्या कर्ण्यापर्यंत

दादा,

काल तू म्हणालास, "मी फक्त बोललो. कुणाला बोट तरी लावलं का? बोलायचं स्वातंत्र्य आहे मला."

आहे ना! सभेत माइक तुझ्या हातात होता, कर्णे माझ्या दुकानातले. त्यातला एक तू मुद्दाम मागच्या गल्लीच्या तोंडाशी बांधायला लावलास. "त्यांनाही कळू दे," म्हणालास. भाषण संपायच्या आत तुझी पोरं त्या गल्लीत घुसली आणि त्यांनी शिंप्याचं दुकान पेटवलं. मी बादल्या ओतत होतो, तेव्हा तू घरी जेवत होतास.

परवाच्या सभेला माइक मिळणार नाही, असं तुझ्या माणसाला सांगून टाकलंय. बोलायला तू मोकळा, तसा 'नाही' म्हणायला मी. आई म्हणते, भावाभावांत ताणू नका. म्हणून हे पत्र माझ्या खिशातच राहील.

आज शिंपी बिऱ्हाड घेऊन निघाला. माझ्या कर्ण्यांच्या खोळी त्यानंच शिवल्यात. मला बघून थांबला आणि म्हणाला, "सामान चांगलं आहे रे तुझं. शब्द न् शब्द ऐकू आला."

भाषणाआधी तू विचारलं होतंस ना, मागे आवाज पोचतोय का म्हणून?

पोचला, दादा.

तुझा धाकटा,
माइकवाला